टीव्ही चालू आहे तोवर

माझ्या नवऱ्याला, अबू बहीजला, अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याचे सगळे शब्द गेले, शिव्या तेवढ्या राहिल्या. डॉक्टर म्हणाला, असं होतं कधीकधी. मी म्हटलं, होणारच, जन्मभर दुसरं तोंडात होतं काय? आता त्याला पाणी हवं असलं तर तो एक शिवी देतो, कूस बदलायची असली तर दुसरी, आणि मला दोन्ही कळतात. दांडगा माणूस. फर्निचरच्या कारखान्यात अक्रोडाची कपाटं एकटा उचलायचा. आता पाठीवर पडून असतो. आणि पडून राहणाऱ्याची पाठ सडते, ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

म्हणून आमच्या मुलानं, बहीजनं, ज्याच्या नावावरून नवरा अबू बहीज आणि मी उम्म बहीज, सिडनीहून एक हवेची गादी पाठवली. तिच्या पायथ्याशी एक डबा लटकतो. तो विजेवर चालतो, घुर्रघुर्र करतो आणि गादीतली हवा इकडून तिकडे फिरवत राहतो. त्यामुळे पाठीवर एकाच जागी भार येत नाही. डबा चालू तर पाठ शाबूत. डबा बंद पडला की गादी हळूहळू चपटी होते, आणि मग त्याला थोड्या थोड्या वेळानं मलाच ढकलून वळवावं लागतं. मी सत्तरीची, तो बैलाएवढा.

म्हणजे सगळं येऊन थांबतं विजेपाशी. सरकारी वीज आमच्या त्रिपोलीत येते, नाही असं नाही, पण रुसलेल्या व्याह्यासारखी. आली तरी बूट काढत नाही, लगेच निघते. बाकीचा वेळ गल्लीचा जनरेटर. त्याला आम्ही मोटर म्हणतो. एका गल्लीला एक मोटर आणि एक मोटरवाला. आमचा अबू शफीक. त्याच्याशी बिनसलं तर शेजारच्या गल्लीतला तुम्हाला तार देत नाही, त्यांचं आपसात ठरलेलं असतं.

माझं बिनसलं. त्यानं ऐन जेवणाच्या वेळी मोटर बंद केली, आणि मी बाल्कनीतून त्याच्या आईपासून सुरुवात करून पणजीपर्यंत पोचले. अख्खी गल्ली हसली. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. अबू शफीकनं वर बघितलं आणि एवढंच म्हणाला, "उम्म बहीज, आता मेणबत्त्या लावा." त्याच संध्याकाळी त्यानं आमची तार कापली.

माफी मागितली असती तर त्यानं जोडली असती. पण त्या तेलकट हातांच्या माणसापुढे मी मान खाली घालायची? बहिणींत थोरली मी, जावांत थोरली मी. माझ्यापुढे लोकांनी माना खाली घातल्यात.

तेव्हा वरच्या मजल्यावरची लमीस खाली आली. तिचा नवरा वाइल दुबईला असतो. त्याच्या कमाईमुळे त्यांच्या घरात मोटरची दुप्पट वीज, दहा अँपिअर. अक्कारच्या डोंगरातून तो तिला लग्न करून घेऊन आला, तेव्हा मी जिन्यात उभी राहून, तिला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाले होते, "वाइलनं बायको आणली की दुभती शेळी?" तीच ही लमीस. दारात उभी राहून म्हणाली, "खाल्ती, मी डक्टमधून एक तार खाली सोडते. अम्मूच्या गादीला कितीशी वीज लागणार?"

सख्ख्या मावशीला म्हणावं तसं ती मला खाल्ती म्हणाली, आणि त्याला सख्ख्या काकासारखं अम्मू. आणि मी, जिच्या तोंडाला गल्ली घाबरते, ती मी म्हणाले, "सोड."

तार आली. गादी घुरघुरायला लागली. मी वर जाऊन आभार मानायला हवे होते, ते मानले नाहीत. एक थाळी भरून पाठवून दिली, त्यावर भागवलं.

सगळं ठीक चाललं होतं. हिवाळ्याच्या तोंडावर वाइल सुट्टीवर आला, महिनाभर राहिला, परत गेला. तो गेला आणि गादी बंद पडायला लागली.

दिवसा नाही, रात्री. पहिल्यांदा वाटलं, मोटर बंद असेल. पण जिन्यातला दिवा तर चालू. मग लक्षात आलं. वर लमीसचा टीव्ही बंद झाला की इकडे डबा गप्प. सकाळी तिनं कॉफीच्या वेळी टीव्ही लावला की डबा चालू. एकदा नाही, रोज. आमच्या इमारतीच्या भिंती पातळ, वरचं चमच्याचं सुद्धा ऐकू येतं. टीव्हीचा आवाज थांबायचा, आणि मी अंथरुणात उठून बसायची. आता गादी बसणार.

मी काय समजले? तुम्ही काय समजला असतात? पोरगी झोपायला जाताना माझी तार काढून ठेवते. माझा दिवस संपला, तुमचीही वीज संपली. शेळीचं ऐकलं होतं तिनं जिन्यात. तोंडानं काही बोलली नाही, आता प्लगनं बोलतेय.

आणि विचारणार कसं? फुकट देणाऱ्याला कमी का दिलंस असं विचारतात का? तिनं म्हटलं असतं, खाल्ती, नको असेल तर राहू द्या. मग काय करणार होते मी? अबू बहीजच्या माकडहाडापाशी लाल डाग उठला, मी तो तेल लावून चोळायची आणि तो मला त्याची मोठी शिवी द्यायचा. ती दुखण्याची.

म्हणून मी वर जायला लागले.

हे लिहिताना माझे कान तापतात. रोज संध्याकाळी मी थाळी घेऊन जिना चढायची. कधी मसूर-भाताचा मुजद्दरा, वर तळलेला कांदा, कधी अक्रोड भरलेली वांगी. दार उघडलं की मी तोंडावर हसू आणायची. ते हसू मी माझ्या सासूसाठीही कधी आणलं नव्हतं.

"अगंबाई, खाल्ती! परत थाळी? मी फुगून दारात अडकेन एक दिवस."

"खा गं. डोळ्यांखाली काय काळं दिसतंय तुझ्या. नवरा बघेल तर म्हणेल, शेजारणी काय मेल्यात?"

आणि मग तिनं आणलेली कॉफी घेत बसायचं. टीव्हीवर ती तुर्की मालिका. एक बाई दोन वर्षं रडतेय, आणि तिचा नवरा घोड्यावरून उतरायला तयार नाही. मला तिरस्कार होता त्या मालिकेचा. पण ती संपली की टीव्ही बंद होणार, आणि टीव्ही बंद झाला की माझ्या माणसाची पाठ. म्हणून मी विचारायची, "ही कोण? हिची बहीण का? आणि तो पाजी कोण?" लमीस सगळं समजावून सांगायची. मालिका संपली की मी म्हणायची, "यानंतर काय असतं?" यानंतर बातम्या. "लाव लाव. जगात काय चाललंय, कळायला नको?" मी कधी बातम्या बघितल्यात जन्मात? बातम्यांत असतं ते आमच्या गल्लीत आधी येऊन गेलेलं असतं.

लमीस जांभया द्यायची. तोंडावर हात धरून. मी ते बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. मनात म्हणायची, दे जांभया, आता हाकल मला, बघू कशी हाकलतेस.

टीव्हीखाली जमिनीवर एक लांब पांढरा एक्स्टेंशन बोर्ड होता, त्यावर निळे दिवे. एकदा तीच म्हणाली, "वाइलनं आणलाय. स्मार्ट बोर्ड आहे, खाल्ती. फोनवरून चालतो. दुबईत बसून त्याला दिसतं घरात काय चालू आहे ते."

"म्हणजे तुझ्यावर पहारा."

"छे हो." ती हसली. "घरात वस्तू उगाच चालू राहतात ना, कुणी वापरत नसतं तरी वीज पीत राहतात. हा बोर्ड त्यांना बरोब्बर ओळखतो आणि तोडतो. उगाच पिणाऱ्यांना."

माझ्या घशाशी आलं होतं, बोलून टाकावं. ज्याला कुणी वापरत नाही असा एक माणूस खाली झोपलाय. पण मी म्हणाले, "हुशार आहे गं तुझा बोर्ड." आणि वर, "देव तुझ्या नवऱ्याचे हात सलामत ठेवो." माझ्याच तोंडाची मला शिसारी आली. जिना उतरताना मी कठड्याला धरून थांबले. चार मजल्यांत कुणी ऐकत नव्हतं, तरी मी लाजले.

सगळं फुटलं एका सकाळी. त्या दिवशी लमीसकडे बायकांची कॉफी होती. तळमजल्यावरची उम्म आतिफ आली होती, जिला बातमी द्यायची तर पत्रिका छापायला नको. समोरच्या इमारतीतल्या दोघी होत्या. लमीस किटलीतून कॉफी ओतत होती, खुशीत होती.

"उद्या मी गावाला जातेय," ती म्हणाली. "आईकडे. आठवडाभर."

माझा कप हातातच राहिला. आठवडाभर टीव्ही बंद. आठवडाभर गादी बंद. लाल डागाची एव्हाना जखम झाली होती.

"टीव्ही चालू ठेवून जाशील का?" मी विचारलं.

"रिकाम्या घरात?" लमीस हसायला लागली. "कुणासाठी, खाल्ती? उंदरांसाठी?" मग बायकांकडे वळून, लाडानं, "यांना मालिकेचं वेड लागलंय. रोज संध्याकाळी येतात. भाग चुकला तर यांना झोप नाही यायची."

उम्म आतिफ म्हणाली, "उम्म बहीज आणि मालिका? ही तर म्हणायची, टीव्हीवर रडणाऱ्या बायकांना पोटभर काम द्या म्हणून!"

सगळ्या हसल्या. आणि माझा तोल गेला.

"मालिका?" मी उठलेच. "तुझी मालिका मी रोज एरंडेलासारखी गिळलीय. मी तुझ्याकडे येते ती माझ्या नवऱ्याच्या पाठीसाठी! तू टीव्ही बंद करतेस आणि माझी तार तोडतेस. मी खाली त्याला ढकलून ढकलून वळवते, आणि सकाळी तू टीव्ही लावलास की आमच्यावर उपकार होतो. अगं, द्यायची नव्हती तर दिली कशाला? भिकाऱ्यालासुद्धा पाव देऊन रात्री काढून घेत नाहीत. तुला काय वाटलं, तुझं तोंड बघायला येते मी? तुझ्या तोंडात आहे काय बघण्यासारखं?"

किटली लमीसच्या हातात तशीच होती. कॉफी सांडायला लागली, तिला कळलं नाही.

"मी काही तोडत नाही," ती म्हणाली. आवाज एवढासा. "मी त्या बोर्डाला हातसुद्धा लावत नाही. वाइलनं सांगितलंय, लावू नकोस."

"मग काय भुतं तोडतात?"

तिनं वाइलला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. तो कामावर होता, डोक्यावर पिवळी टोपी. लमीसनं रडत रडत विचारलं. त्यानं म्हटलं, "बोर्ड दाखव." तिनं फोन खाली धरला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"ती काळी तार कुठली? टीव्हीच्या शेजारची?"

"खालची. खाल्तीची. तू बोर्ड लावून गेलास तेव्हा मी ती एकदाच, जिथं जागा दिसली तिथं लावली."

"अगं वेडे. पहिलं सॉकेट मुख्य आहे, त्यात टीव्ही. टीव्ही बंद झाला की बोर्ड समजतो, माणसं झोपली, आणि शेजारची सगळी सॉकेट आपोआप बंद करतो. टोकाला ते लाल आहे ना, तेवढं कायम चालू राहतं. त्यात लाव." मग थोडं थांबून, "त्या तारेवर आजारी माणूस आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

लमीसनं तार काढली आणि लाल सॉकेटात लावली. टीव्ही बंद केला. पायांखालून, फरशीतून, डब्याची घुरघुर ऐकू येत होती.

वाइल फोनवरच होता. त्याला कोण बसलंय, काय झालंय, माहीत नव्हतं. तो म्हणाला, "तरीच मला इथून दिसायचं, तुझा टीव्ही हल्ली मध्यरात्रीपर्यंत चालू. म्हटलं, हिला झोप लागत नाही का? तू तर नऊला झोपणारी. काळजी वाटत होती, पण विचारलं नाही."

"खाल्ती यायच्या," लमीस म्हणाली. "त्यांना बघायचं असायचं. म्हणून जागी राहायचे." तिनं फोन ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. बोर्डाकडे बघत म्हणाली, "मला वाटलं, मी आवडायला लागले तुम्हाला. गावाला आईला सांगितलं होतं मी. आई म्हणाली, बघ, शहरातसुद्धा आई मिळते."

उम्म आतिफसारखी बाई, तिनंही मान खाली घालून कपातला गाळ बघायला घेतला. मी शाल उचलली आणि खाली आले.

दुपारी माझी थाळी परत आली. लमीसनं उम्म आतिफच्या हातून पाठवली. धुतलेली, पुसलेली, रिकामी. आमच्याकडे थाळी रिकामी परत जात नाही. काही नसलं तर चार ऑलिव्ह घालतात, चिमूटभर साखर घालतात. आजवर तिनं कधी रिकामी पाठवली नव्हती. उम्म आतिफनं थाळी दिली आणि कधी नव्हे ते काही न बोलता गेली. तिच्या बोलण्यानं मला कमी लागलं असतं.

अबू बहीज त्या दिवशी गाढ झोपला. गादी त्याच्या खाली वर-खाली होत होती. माझं काम झालं होतं. ज्यासाठी मी गेले ते मिळालं होतं, आणि मला त्याच्याकडे बघवेना. त्या पोरीची वीज होती ती. मी तिच्या तोंडावर थुंकले होते आणि तीच वीज अजून खाली येत होती. तिनं रागानं काढून घेतली असती तर मी समजले असते. तिनं काढली नाही. उलट दुसऱ्या दिवशी गावालाही गेली नाही. वर पावलं ऐकू येत होती. का नाही गेली हे विचारायला मला तोंड नव्हतं, पण मला कळलं. घर बंद असताना लाल सॉकेटचं काही बिघडलं तर, म्हणून.

मी वर जाऊन काय बोलणार होते? जे बोलेन ते तारेसाठीच बोलतेय असं तिला वाटणार. इतके दिवस तेच तर केलं होतं. तार आहे तोवर माझ्या तोंडातला गोड शब्द खोटाच.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी मी काळा कोट घातला आणि गल्लीच्या तोंडाशी मोटरच्या खोलीवर गेले.

मोटर चालू होती, जमीन थरथरत होती. शेजारच्या न्हाव्याच्या दुकानात चार माणसं, एकाच्या गालाला साबण. अबू शफीक खुर्ची टाकून बसला होता. त्यानं मला बघितलं, उठला नाही.

"अबू शफीक, मी बोलले ते बोलायला नको होतं."

"काय?" त्यानं कानाला हात लावला. "मोटर चालू आहे, उम्म बहीज! मोठ्यानं!"

"मी म्हटलं, माझं चुकलं!"

"काय हुकलं?"

खोलीबाहेर येऊन ऐकता आलं असतं त्याला. पण बाल्कनीतून बोलताना मला कुठं मोठ्यानं बोलायला सांगावं लागलं होतं? मी छाती भरून श्वास घेतला, आणि त्या हरामखोरानं नेमका तेव्हाच हात लांब करून मोटर बंद केली.

"माझं चुकलं, अबू शफीक! तुझी आई सज्जन बाई होती!"

अख्ख्या गल्लीत शांतता होती, आणि त्या शांततेत माझा आवाज. वीज गेली तशी बायका-पोरं बाल्कन्यांत आली होती, काय झालं बघायला. त्यांना दिसलं. न्हाव्याच्या दुकानातला साबणवाला म्हणाला, "देवा, आज आम्ही काय काय ऐकलं." कुणीतरी शिट्टी वाजवली. मी मान खाली घातली. खरंच घातली. माझे बूट पुसायचे राहिले होते.

अबू शफीक उठला. हसत नव्हता. म्हणाला, "दुपारी जोडून देतो. अबू बहीजला माझा सलाम सांगा. माझ्या लग्नातलं कपाट त्यानं बनवलंय." आणि मोटर चालू केली. हे त्यानं आधी सांगितलं असतं तर माझे शब्द थोडे तरी सोपे गेले असते.

दुपारी आमची तार जोडली. मी डक्टमधली काळी तार ओढून घेतली, धूळ पुसली, गुंडाळी केली आणि वर गेले. हातात थाळी नव्हती.

लमीसनं दार उघडलं. डोळे सुजलेले. तार बघितली आणि घाबरली. "का? गादी बंद पडली?"

"चालू आहे. माझ्या विजेवर."

"मग?"

जिनाभर मी शब्द जुळवत आले होते. ते सगळे गेले, आणि अबू बहीजसारख्या नुसत्या शिव्या राहिल्या, त्याही माझ्या स्वतःसाठी. "बसायला आले," मी म्हणाले. "बसू देत असशील तर. टीव्ही नको लावूस."

ती बाजूला झाली. या म्हणाली नाही, पण बाजूला झाली. मी माझ्या नेहमीच्या जागी बसले, मग तिथून उठले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. टीव्ही बंद असलेली ती खोली मी पहिल्यांदाच बघत होते. भिंतीवर तिच्या आईचा फोटो होता, डोक्यावर पांढरा रुमाल, मागे सफरचंदाची झाडं. रोज मी इथं तासन्‌तास बसायची, आणि तो फोटो मी कधी पाहिला नव्हता.

लमीस आत गेली आणि कॉफी घेऊन आली. एकच कप. माझ्यापुढे ठेवला आणि समोर बसली, हात मांडीवर.

"आणि तुझी?"

"मी कॉफी पीत नाही, खाल्ती. पोटात जळजळतं."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. कधीच नाही पीत."

त्या सगळ्या संध्याकाळी तिनं माझ्यासाठी एकटीसाठी कॉफी उकळली होती, आणि मी पीत बसले होते. मी कप उचलला. बशीत थोडी सांडली. लमीसनं उठून बशी पुसली, कप परत माझ्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "प्या. गार होईल."

मी प्यायले. रिकामा कप हातात धरून बसून राहिले. अंधार पडायला लागला तशी ती जांभई द्यायला लागली, यावेळी तोंडावर हात न धरता. मी लगेच उठले.